मालूच्या फोनातली चढाई

सन दोन हजार चोवीस, फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. चेंदणी कोळीवाड्यातल्या त्या घरात अजूनही एखादी गोष्ट कधीची हे ठरवायचं झालं, की 'प्राप्तीच्या साखरपुड्याआधीची की नंतरची?' असं विचारतात. तसा साखरपुडा साधाच होता. डोंबिवलीतला पहिल्या मजल्यावरचा हॉल, दोन्हीकडची मिळून साठ-सत्तर माणसं, आजकाल असतं तसं पनीरचं जेवण. पण त्या दिवशी मालूने, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, थोरल्या मुलाचा शब्द भर मांडवात मोडला. आणि तोही मोबाईलपायी! जिने तोवर मोबाईल नुसता पदराने पुसून परत दिला होता, तिने.

सुरुवात शुक्रवारी झाली. सांगलीहून भाविकाचा फोन आला. भाविका ही धाकट्या आनंदाची मुलगी, ठाण्याच्या संघातून कबड्डी खेळायची. मुलींच्या राज्य स्पर्धेची अंतिम फेरी शनिवारी व्हायची होती. ती आटोपून गाडीत बसायचं आणि रविवारी चुलतबहिणीच्या साखरपुड्याला करवली म्हणून उभं राहायचं, असं ठरलं होतं. पण मैदानावरचे दिवे गेले, सामने एक दिवस पुढे सरकले, आणि अंतिम सामना नेमका रविवारी दुपारी बारावर आला. साखरपुड्याचा मुहूर्त साडेबाराचा.

"करवलीशिवाय साखरपुडा?" प्राप्तीचा बाप, थोरला दौलत, ओट्यावरूनच कडाडला. "या घरात कधी झालाय? सांग तिला, आनंदा. रविवारी सकाळी ती हॉलवर दिसली पाहिजे. नाय दिसली तर या घराचा उंबरा तिला बंद. आणि तो खेळही बंद. सोमवारपासून वागळे इस्टेटला कामाला लावतो."

आनंदा थोरल्या भावासमोर कधी बोलला नव्हता. कंपनीची बस चालवणारा, शीळफाट्याला राहणारा माणूस. तिथल्या चार रस्त्यांवर सगळ्या ट्रकवाल्यांशी भांडायचा आणि दादासमोर मान खाली घालायचा. आताही त्याने घातली. त्याची बायको माया तेवढी म्हणाली, "भावजी, अंतिम सामना आहे. मधूनच कशी येईल?"

"मग नको येऊ दे. आणि ऐका सगळ्यांनी. त्या दिवशी तिचं नाव कुणी काढायचं नाय. मोबाईलवर तिची मॅच बघताना कुणी दिसला ना, तर मी मधनं उठून जाईन. पाव्हण्यांसमोर शोभा नको."

"ठीक आहे," माया घाईघाईने म्हणाली. "रेकॉर्डिंग राहतंच. घरी येऊन बघू."

कोपऱ्यात सोडे निवडत बसलेल्या मालूने मान वर केली. "घरी येवून? काल मेलेला पापलेट आज बर्फातनं काढून दाखवशील मना? दिसाला तसाच दिसतो. पण गिऱ्हाईक गालफड उघडून बघतंच."

"आये, तू मध्ये पडू नको," दौलत म्हणाला.

"मी कुटं पडली? मी सोडे निवडताव."

दौलतचा राग उगाच नव्हता, हे मालूइतकं कुणाला ठाऊक? त्याचा बाप धाकू सन सत्तरच्या सुमाराचा कोळीवाड्याचा पहिला चढाईपटू. काष्टा मारून मैदानात उतरला की खाडीपलीकडून माणसं बघायला यायची. मग एका पकडीत त्याचा गुडघा गेला, तो कायमचा. त्या वर्षी होडी ओढायला घरात धड पाय नव्हता, म्हणून तेरा वर्षांच्या दौलतने शाळा सोडली. त्याच्या दप्तरात पुढे जाळ्याच्या सुया राहायला लागल्या. या खेळाने बापाचा पाय खाल्ला आणि माझी शाळा खाल्ली, असं तो दारू न पिताही म्हणायचा.

आणि मालू? तिने धाकूला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. तेव्हा बायका मैदानावर जायच्या नाहीत. घराची मागची भिंत आणि मैदान यांच्यात एक बोळ होता. मालू मागच्या दारी मासळी साफ करत बसायची आणि आवाज ऐकायची. सगळे एकदम 'होऽऽ' ओरडले की धाकू गडी मारून परतला. आवाज चढता चढता मध्येच तुटला की पकडला गेला. लग्न झाल्यापासून ती ओरडण्यावरूनच नवऱ्याचा खेळ ओळखत आली होती. ज्या दिवशी गुडघा गेला त्या दिवशी मात्र आवाजच आला नाही. कोयतीवर हात तसाच धरून ती कितीतरी वेळ वाट बघत बसली होती.

मोबाईलवर खेळ बघायला मात्र तिचा पक्का विरोध. प्राप्ती वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात लोकांना फोन करून प्रश्न विचारायचं काम करायची. दिवाळीत नवीन फॉर्म आला तेव्हा तिने पहिला प्रयोग आजीवरच केला होता.

"आजी, सांग. तुम्हाला मोबाईलवर थेट खेळ बघायला आवडतं का? हो, नाही, की सांगता येत नाही?"

"मोबाईलवर? त्यात मानसं केवडी, करंदीयेवडी. लिही, नाय."

"कारण?"

"कारन, आशियाडच्या वर्षी तुज्या आजानं टीव्ही आनलेला. खिडकीत ठेवला, तोंड गल्लीकडं. सगला कोलीवाडा एकदम वरडायचा. आता घरात पाच मानसं, पाच कोनाडे, पाच मोबाईल. कोन हसला, कोन रडला, कोनाला ठाव? लिही, नाय नाय नाय."

प्राप्तीने हसत हसत 'नाही'वर खूण केली होती.

रविवारी सकाळी हॉलमागच्या खोलीत बायका प्राप्तीला नटवत होत्या. वेणी घालून झाल्यावर प्राप्तीने सगळ्यांना काहीबाही कामाला बाहेर पिटाळलं, आणि आपला मोबाईल आजीच्या हातात दिला.

"हा कमरेला खोच. बारा वाजले की इथे दाबायचं, भाविकाची मॅच दिसेल. एकदाच. आवाज बंद केलाय."

"तुजा फोन? तुना राग नाय आयला तिचा?"

"मीच सांगितलं तिला, तू खेळ. शुक्रवारी रात्री रडत होती वेडी. म्हटलं, अंगठी मला घालायचीय, तुला नाही. करवली लग्नाला हो."

दौलतला वाटत होतं, आपण लेकीच्या मानासाठी भांडतोय. आणि लेक तर केव्हाच पलीकडच्या बाजूला जाऊन उभी होती.

"पप्पा बाहेर मोबाईल जमा करतायत," प्राप्ती म्हणाली. "तुला कोण विचारणार नाही. तुझ्याकडे नसतोच ना."

"मना येत नाय गं ते दाबाला."

"येईल. भाविकाला सांगून ठेवलंय मी, आजी बघणार आहे म्हणून."

हे शेवटचं वाक्य प्राप्तीने मुद्दाम टाकलं की सहज, कुणास ठाऊक. पण त्यानंतर मालूला परतीची वाट उरली नाही. तिने फोन कनवटीला खोचला आणि वरून पदर घट्ट बांधला.

बाहेर खरोखरच वसुली चालली होती. त्या घराची एक रीत होती. कुणाचाही साखरपुडा असो, नारळ, साखर आणि विड्याची पानं मालूच्या मासळीच्या पाटीत मांडून न्यायची. हीच पाटी डोक्यावर घेऊन तिने चाळीस वर्षं ठाण्याच्या बाजारात मासळी विकली होती. या पाटीवर घर उभं राहिलं, म्हणून तिचा मान. आता वस्तू चौरंगावर काढून झाल्या होत्या आणि त्याच पाटीत थोरली सून रसिका मोबाईल गोळा करत होती. मागे दौलत हसऱ्या चेहऱ्याने उभा.

"घरगुती कार्य आहे," तो पाव्हण्यांना सांगत होता. "दोन तास जरा एकमेकांची तोंडं बघू."

नवऱ्या मुलाचे वडील चांगदेव आंबिवलीचे, निवृत्त शाळामास्तर. त्यांना ही कल्पना फारच पसंत पडली. "उत्तम! अहो, आजकाल जिवंत माणूस समोर असताना लोक त्या डबीत बघतात." त्यांनी आपला मोबाईल स्वतः पाटीत ठेवला आणि मुलाचा, ऋतुराजचाही ठेववला. आनंदानेही निमूटपणे टाकला. मालूला त्या क्षणी धाकट्या मुलाची कणव आली नाही, चीड आली. स्वतःच्या पोरीसाठी एक शब्द नाही? निदान एक?

आपली पाटी मोबाईलने भरलेली तिला बघवेना. ती मागे जाऊन बसली. ओटी भरायला पुढे बोलवायच्या त्या सवाष्णी. तिला खांबाआडची खुर्ची मिळाली होती. इतर वेळी ही खुर्ची टोचायची. आज तिने ती आणखी थोडी आड ओढली.

बारा वाजले. तिने दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. एक गोल फिरू लागला. फिरता फिरता एकदम निळं मैदान उघडलं, आणि त्यावर खरोखरच करंदीएवढ्या पोरी. मालूने चष्मा वर सारला, खाली केला. त्यातली भाविका कोणती हे चेहऱ्यावरून कळेना. मग एक पोर चढाईला निघाली. रेघ ओलांडण्याआधी वाकून तिने उजव्या हाताने माती उचलल्यासारखं केलं आणि कपाळाला लावलं. मॅटवर कुठली माती? पण धाकू हे करायचा, असं लोक सांगत.

"हीच," मालू स्वतःशी म्हणाली.

पुढचा अर्धा तास व्यासपीठावर काय चाललं ते तिला कळलं नाही. मंत्र झाले, पानांवर पानं ठेवली गेली. तिच्या मांडीवर पोरी पडत होत्या, उठत होत्या. कधी ठाणे पुढे, कधी समोरच्या. चित्र मध्येच थबके, गोल फिरे, ती फोन पदराने पुसून बघे.

आणि तेव्हाच तिला एक चमत्कारिक गोष्ट ऐकू आली.

आधी वाढप्यांच्या खोलीतून "होऽऽ!" असा दबका आवाज. कुणीतरी लगेच भांडं आपटून तो झाकला. थोड्या वेळाने नवऱ्याकडच्या रांगेत दोघा-तिघांच्या घशातून एकदम खाकरा. मग व्यासपीठावर शालीखाली हात घालून बसलेला ऋतुराज कारण नसताना हसला. आणि या सगळ्यांनंतर, अगदी शेवटी, मालूच्या मांडीवर भाविका दोन गडी मारून परतली.

मालूचे कान याच कामात मुरलेले. तिला समजायला वेळ लागला नाही. सगळे बघत होते! प्रत्येकाने एक मोबाईल पाटीत टाकला होता, आणि दुसरा ठेवला होता. ऑफिसचा, बायकोचा, जुना. वाढप्यांच्या खोलीतला आवाज तर आनंदाचा होता, तिच्या पोटच्या पोराचा. मान खाली घालणारा तिचा आनंदा बासुंदीच्या पातेल्याआड उभा राहून लेकीचा खेळ बघत होता.

सामना एकच, पण प्रत्येकाच्या फोनात तो वेगळ्या वेळी पोचत होता. सगळ्यांत आधी आनंदाच्या, मग पाव्हण्यांच्या, मग नवरदेवाच्या. मालूच्या सगळ्यांत शेवटी. त्यामुळे लपवायला गेलेले सगळे उघडे पडत चालले. एक ओरडे तर बाकीच्यांना वाटे आपलं काहीतरी बघायचं राहिलं. माना वळू लागल्या. चांगदेव मास्तरही घड्याळ बघितल्यासारखं करून सदऱ्याच्या खिशात डोकावत होते.

दौलतच्या लक्षात आलं. त्याचा चेहरा काळवंडला. तो उठला आणि रांगेकडे नव्हे, सरळ खांबाकडे आला. आईच्या मांडीवर उजेड दिसला होता त्याला.

"आये. दे तो इकडे."

मालूने मान वर केली नाही. पडद्यावर शेवटचं मिनिट लागलं होतं. ठाणे एका गुणाने मागे. भाविका पुन्हा वाकली, कपाळाला हात लावला, रेघ ओलांडून आत शिरली.

त्याच वेळी वाढप्यांच्या खोलीतून आवाज आला. चढत गेला, चढत गेला, आणि मध्येच तुटला.

हा आवाज मालू ओळखत होती. जगात दुसरा कुठला ओळखला नसता तरी हा ओळखला असता.

मग पाव्हण्यांच्या रांगेतून, "अरेरे!" आनंदा दारात येऊन उभा राहिला, हातात मोबाईल तसाच, लपवायचंही भान नाही. ऋतुराजने शालीतून हात बाहेर काढला. सगळ्या हॉलला कळलं होतं.

"संपलं, आये," दौलत म्हणाला. आवाजात राग कमी, थकवा जास्त. "हरल्या त्या. दे आता."

"गप रं."

"अगं, संपली मॅच! सगळ्यांनी बघितलं."

"तुमची संपली आसंल." मालूने फोन दोन्ही हातांनी छातीजवळ उचलला. "माज्यात ती अजून खेळते. माज्या पोरीनं अजून दम नाय सोडला. मना कोनी काय सांगाचं नाय."

कुणी काही सांगितलं नाही. प्राप्ती व्यासपीठावरून उतरून आली, शालूसकट जमिनीवर आजीच्या पायाशी बसली. मागे ऋतुराज. आनंदा, माया. हळूहळू खांबाभोवती माणसं जमली. निकाल माहीत असलेली चाळीस माणसं, आणि माहीत असूनही न मानणारी एक म्हातारी. दौलतलाही हलता येईना. त्याच्या नकळत त्याने आईच्या खुर्चीची पाठ धरली होती.

पडद्यावर भाविका डावीकडे झुकली, उजवीकडे वळली. एका पोरीने तिचा घोटा धरला, दुसरीने कंबर. ती पडली, पण थांबली नाही. तिघींना अंगावर घेऊन कोपरावर सरपटत निघाली. हात लांब केला. रेघ चार बोटांवर. तीन. चित्र थबकलं, गोल फिरला, आणि कुणीतरी मागून "चल गं पोरी!" म्हणून ओरडलं. चांगदेव मास्तर होते ते. चित्र पुन्हा हललं. बोट रेघेच्या अलीकडेच राहिलं आणि शिट्टीसाठी पंचाचा हात वर गेला.

मालूने श्वास सोडला. फोन मांडीवर ठेवला. मग मान वर करून दौलतकडे बघितलं.

"हरली," ती म्हणाली. "मी बघितली हरताना. तुज्या बापाला मी जिंकताना नाय बघितला आनि हरताना बी नाय बघितला. गुडघा गेला तवा लोकांनी येवून सांगितला मना. पन्नास वर्सं मना लोकच सांगत आयलेत. आता नाय. आता जे हाय ते मी माज्या डोल्यांनी बघनार."

"आये, ह्याच खेळापायी माझी शाळा..."

"जानताव. तुज्या शालेचं पाप भाविकाच्या डोक्यावर नको घालू. ते तुज्या बापाचा आनि माजा हाय. आमच्याशी भांड. तो गेला, मी हाय अजून."

दौलतने खुर्चीची पाठ सोडली.

"आनि उंबऱ्याचं बोलला व्हतास ना? तो उंबरा सागाचा हाय, मासली विकून मी बसवला. कोनाला उघडा, कोनाला बंद, ते मी सांगनार. भाविका येल तवा दिवा घेवून मी उभी राहनार. तुना राहाचं तर रहा बाजूला."

मग ती उठली. रसिकाकडून तिने आपली पाटी मागून घेतली, खांबाशी जमिनीवर बसली, बाजारात बसायची तशी, एक पाय दुमडून, पाटी पुढ्यात. एकेक मोबाईल उचलून नावानिशी द्यायला लागली.

"हा कोनाचा? घे. तुजा? घे, ताजा हाय. मास्तर, तुमचा ह्यात एक आनि खिशात एक, दोन्ही तोलून देव?"

हॉल हसला. चांगदेव मास्तर सगळ्यांत मोठ्याने. "बाई, पकडलंत आम्हाला!"

"आजी, तुझा फोन स्लो होता ना," ऋतुराज सांगू लागला, "नेटवर्क वीक असलं की..."

"असू दे रं बाबा. सगल्यांच्या आधी कललं म्हनून काय जास्त बघितलंस?"

तेवढ्यात प्राप्तीच्या फोनवर भाविकाचा चेहरा उमटला. ओठ फुटलेला, केस कपाळाला चिकटलेले. "आजी... हरलो गं."

"बघितलं. गुडघा कसा हाय?"

"ठीक आहे."

"मग रडतेस कनाला? तोंड धू. तुज्या बहिनीला अंगठी घालाची राहिलेय, सगला मांडव तुजी वाट बघतोय." मालूने फोन प्राप्तीच्या शेजारच्या पाटावर, नारळाला टेकवून, करवलीच्या जागी उभा केला. मुहूर्त टळून वीस मिनिटं झाली होती. गुरुजींनी तक्रार केली नाही. शेवटची चढाई त्यांनीही मास्तरांच्या खांद्यावरून बघितली होती.

दौलत उठून गेला नाही. पण जेवलाही नाही.

प्राप्ती त्याच वर्षी मे महिन्यात लग्न होऊन आंबिवलीला गेली. वागळे इस्टेटची नोकरी तिने सोडली नाही. लग्नाच्या आधी तिने आजीला तोच प्रश्न पुन्हा विचारला. मालू म्हणाली, "अजून नायच लिही. आवडत नाय. पन बघाचं हाय." फॉर्ममध्ये असं खूण करायला चौकट नव्हती, म्हणून जुनं 'नाही' तसंच राहिलं. भाविका लग्नाला करवली होती, दोन बोटांना पट्टी बांधून. पुढे ती एका कार्यालयाच्या संघात लागली, आजही खेळते. आनंदा आणि माया शीळफाट्यालाच आहेत. आनंदा आता भावासमोर बोलतो. कधीकधी जरा जास्तच बोलतो. चांगदेव मास्तर भाविकाच्या सामन्यांचं वेळापत्रक वहीत लिहून ठेवतात, आणि डबीत बघणाऱ्या लोकांवर टीका करायचं त्यांनी सोडून दिलं.

मालू दोन हजार पंचवीसच्या भाद्रपदात गेली. तिची पाटी अजून माळ्यावर आहे, उपडी घातलेली.

दौलतने साखरपुड्याचा विषय कधी काढला नाही. भाविका त्यानंतर पहिल्यांदा घरी आली तेव्हा तो दिवा धरलेल्या आईच्या बाजूला उभा राहिला होता, एवढंच. पण परवा भाविकाचा सामना चालू असताना रसिका आतून, टीव्हीसमोरून, काहीतरी ओरडत बाहेर आली, तेव्हा ओट्यावर मोबाईल हातात धरून बसलेल्या दौलतने न बघताच तळहात वर केला.

"सांगू नको," तो म्हणाला. "माझ्यात अजून खेळतेय ती."